टाकी वाढवण्याआधी पाण्याची चाल पाहा

पावसाळ्यातले पहिले मोठे पाणी धरणात आले की महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत एक ठरलेले निवेदन निघते. धरणक्षेत्रातील पावसामुळे पाणी गढूळ येत आहे, नागरिकांनी ते उकळून, गाळून प्यावे. त्यापाठोपाठ पुरवठा कमी दाबाने होतो, कुठे दिवसाआड होतो. मग सभागृहात चर्चा झडते, जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता अपुरी पडते असे सांगितले जाते आणि नव्या टाक्यांचा किंवा नव्या केंद्राचा कोट्यवधी रुपयांचा प्रस्ताव पुढे येतो. लोकसंख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात तो रास्तही असू शकतो. पण त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आहे त्या टाकीत पाणी नेमके कुठून कुठे जाते?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. त्याचे उत्तर आज संगणकावर शोधता येते आणि ते शोधल्याशिवाय नव्या टाकीचा खर्च मंजूर होऊ नये, इतके त्याचे महत्त्व आहे.

घरात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून हंडा रात्रभर ठेवला की सकाळी वरचे पाणी नितळ असते. पूर्वी निवळीच्या बिया उगाळून हेच काम केले जाई. जलशुद्धीकरण केंद्रातही तत्त्व तेच आहे. मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड टाकले की हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे कापसासारखे पुंजके तयार होतात. हे पुंजके खाली बसावेत म्हणून पाणी मोठ्या, बहुधा गोल टाकीत सोडतात. ती निवळण टाकी, म्हणजेच क्लॅरिफायर. पाणी मध्यभागी आत येते, संथपणे कडेकडे सरकते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे स्वच्छ पाणी काठावरच्या पन्हळीत पडून पुढे वाळूच्या फिल्टरकडे जाते. शेवटी क्लोरीन दिला जातो.

घरचा हंडा आणि ही टाकी यांत एक मोठा फरक आहे. हंड्यातले पाणी स्थिर असते. टाकीत मात्र एकीकडून पाणी येत असते, दुसरीकडून जात असते आणि त्या चालत्या पाण्यातून गाळ खाली बसायचा असतो.

अशा टाकीचा हिशेब कसा करायचा हे अमेरिकी अभियंता ॲलन हेझन यांनी १९०४ मध्ये मांडले. टाकी किती खोल आहे यापेक्षा तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ किती, हे महत्त्वाचे असा त्यांचा निष्कर्ष होता. आजही जगभर, आणि भारतातही, टाक्यांचे आकारमान याच सूत्राने ठरते. आपल्याकडे अशा टाक्यांसाठी दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ३० ते ४० घनमीटर पाणी आणि दोन ते अडीच तासांचा मुक्काम असे प्रमाण धरले जाते. ३० मीटर व्यासाची, साडेतीन मीटर खोल टाकी घेतली तर या हिशेबाने ती दिवसाला सुमारे अडीच कोटी लिटर पाणी निवळू शकते. मिनिटाला अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने खाली बसणारा प्रत्येक पुंजका तिच्यात पकडला जायला हवा.

कागदावर हे चोख आहे. मात्र त्यामागे एक गृहीतक आहे. पाणी संपूर्ण टाकीत सारखे पसरून, एकाच वेगाने, शिस्तीत पुढे सरकते असे ते गृहीतक. प्रत्यक्षात पाणी सोपी वाट शोधते. आत शिरणाऱ्या प्रवाहाचा जोर एका बाजूला असेल तर तो तसाच पुढे धावतो. त्याच्या बाजूला भोवरे तयार होतात आणि काही कोपऱ्यांत पाणी नुसते घुमत राहते. सरासरी मुक्काम दोन तासांचा असला तरी काही पाणी त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडते, तर काही तासन्‌तास आतच अडकते. बसस्थानकावरची सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटे आहे म्हणून प्रत्येक प्रवासी दहाच मिनिटे थांबतो असे होत नाही. लवकर निसटलेल्या पाण्यातले पुंजके मात्र त्याच्याबरोबर पन्हळीत जातात. टाकीची जी जागा वापरलीच जात नाही, तिच्या काँक्रीटचे पैसे नागरिकांनी आधीच भरलेले असतात.

त्यात घनतेची भर पडते. २५ आणि २६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याच्या घनतेतला फरक लिटरमागे जेमतेम पाव ग्रॅम असतो. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटते. पण टाकीतला प्रवाह इतका संथ असतो की हा फरक त्याची दिशा बदलू शकतो. पावसाचे थंड, गाळाने जड झालेले पाणी टाकीत येते ते थेट तळाशी सूर मारते, तळावरून बाहेरच्या भिंतीपर्यंत धावते, भिंतीला थडकून वर चढते आणि वाटेतला गाळ घेऊन पन्हळीत उतरते. त्याच वेळी टाकीच्या मधल्या आणि वरच्या भागात पाणी जवळजवळ थबकलेले असते. उलट, येणारे पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा ऊबदार असेल तर ते वर उसळते आणि पुंजक्यांना खाली बसू देत नाही. असे घनता-प्रवाह अभियंत्यांनी १९४०च्या दशकातच नोंदवले होते. ते डोळ्यांना दिसत नसल्याने दैनंदिन कामात त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे गेले.

ते पाहण्याची पहिली पद्धत रंगाची. आत येणाऱ्या पाण्यात रंगद्रव्य सोडायचे आणि ते कुठे, किती वेळाने, किती प्रमाणात उमटते याची नोंद ठेवायची. अमेरिकेत १९८०च्या दशकात रॉबर्ट क्रॉसबी यांनी सांडपाणी प्रकल्पांच्या गोल टाक्यांत असे प्रयोग केले. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ वेगळ्या जातीचा असतो, पण पाण्याच्या चालीचे नियम तेच. तळावरून धावून भिंतीवर चढणारा प्रवाह अडवण्यासाठी पन्हळीखाली तिरकी पट्टी बसवणे, मध्येच एखादी आडवी पडदी टाकणे असे उपाय तिथे रूढ झाले. हे उपाय काही फुटांच्या पट्ट्यांचे असतात, त्यासाठी नवी टाकी लागत नाही. अडचण इतकीच की पट्टी कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात बसवायची हे प्रत्येक टाकीत वेगळे असते. चालू टाकी पुन्हा पुन्हा रिकामी करून प्रयोग करत बसणे शहराला परवडत नाही.

संगणक उपयोगी पडतो तो इथे. पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत, पण खऱ्या टाकीसाठी ती हाताने सुटत नाहीत. म्हणून टाकीचे संगणकात हजारो-लाखो लहान घरांत विभाजन करतात. प्रत्येक घरात किती पाणी आले, किती गेले, किती गाळ आला, किती बसला, तापमान किती, याचा ताळा जुळेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा केले जाते. सगळ्या घरांचा ताळा जुळला की टाकीच्या आतल्या प्रवाहाचा नकाशा हाती येतो. मग पडदी अर्धा मीटर खाली घेतली तर काय होईल, पाणी दीडपट केले तर काय होईल, हे टाकीला हात न लावता पाहता येते.

या गणिताशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी घेतलेले सुहास पाटणकर यांनी पुढे मुंबई आयआयटीत आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शिक्षण घेतले. तिथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासोबत त्यांनी १९७२ मध्ये प्रवाहाची समीकरणे पायरीपायरीने सोडवण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ‘सिम्पल’ या नावाने ती ओळखली जाते. १९८० मध्ये आलेल्या पाटणकरांच्या पुस्तकावर जगभरच्या अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या. विमानाच्या इंजिनापासून निवळण टाकीपर्यंत आज जी प्रवाहाची गणिते संगणकावर होतात, त्यांतली असंख्य या रीतीवर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात. २००४ पासून तर ओपनफोमसारखी मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. म्हणजे ज्ञान परके नाही आणि साधनही महाग राहिलेले नाही.

यातून किती फरक पडू शकतो? ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या ॲरिस्टॉटल विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एका पूर्ण आकाराच्या निवळण टाकीचे असे प्रतिरूप तयार केले आणि ते प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले. पाणी आत येते त्या जागेची उभी पडदी खाली वाढवली तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. गाळ पकडण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून ९८ टक्क्यांच्या पुढे जाईल, असे उत्तर आले. ऐकायला ही वाढ किरकोळ वाटते. पण पुढच्या फिल्टरच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. आधी १०० पैकी नऊ-दहा भाग गाळ फिल्टरवर जात होता, आता दीडच्या आसपास जाणार. म्हणजे निसटणारा गाळ सुमारे ८५ टक्क्यांनी घटला, आणि तोही एका पडदीमुळे. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात असेही दिसले की येणाऱ्या आणि टाकीतल्या पाण्यात एका अंशाचा फरक असला तरी घनता-प्रवाह तयार होतो. प्रत्येक टाकीत एवढाच फायदा होईल असे मुळीच नाही. पण तो किती होईल, हे आधी पाहता येते, हा मुद्दा आहे.

निवळण टाकीतून निसटलेला गाळ ही केवळ अभियंत्यांची डोकेदुखी नाही. तो वाळूच्या फिल्टरवर साठतो, फिल्टर लवकर तुंबतो, तो उलट्या प्रवाहाने वारंवार धुवावा लागतो. त्या धुण्यात शुद्ध केलेलेच पाणी खर्ची पडते आणि नळाला ते कमी येते. फिल्टर चुकला तर गढूळपणा थेट घरात पोहोचतो. मातीच्या कणांच्या आडोशाला असलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही. म्हणून क्लोरीन वाढवावा, तर पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी त्याची प्रक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगे तयार होतात. शिवाय काही जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत.

याचा सर्वात कठोर धडा अमेरिकेतील मिलवॉकी शहराला १९९३ च्या वसंतात मिळाला. शहराच्या एका केंद्रात कच्च्या पाण्याचा दर्जा बदलला, रसायनाची मात्रा त्यानुसार जुळली नाही आणि फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा १.७ एनटीयूपर्यंत चढला. क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरीनला न जुमानणारा परजीवी त्या पाण्याबरोबर घराघरांत पोहोचला. सुमारे ४ लाख ३ हजार लोक जुलाबाने आजारी पडल्याचा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला. दोष टाकीतल्या प्रवाहाचा होता असे तिथे म्हणता येणार नाही. पण निवळण आणि गाळण या पायऱ्यांत थोडी जरी ढिलाई झाली तर काय होऊ शकते, हे त्या शहराने दाखवले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या आत हवा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेता येतो. मिलवॉकीचा १.७ हा आकडा आपल्याकडच्या या सवलतीत सहज बसला असता. सवलतीच्या आकड्यावर निर्धास्त राहू नये, एवढे त्यावरून समजते.

संगणकी प्रतिरूपाविषयी केंद्रावरच्या अनुभवी अभियंत्यांना शंका वाटते आणि ती रास्त आहे. लाल-निळ्या रंगांचे देखणे नकाशे सादरीकरणात छाप पाडतात. पण त्यामागे घातलेले आकडे पुस्तकी असतील तर नकाशाही पुस्तकीच असतो. पुंजके किती वेगाने बसतात हे पाण्यागणिक, रसायनागणिक आणि ऋतूगणिक बदलते. जूनमधल्या तांबड्या पाण्यातले पुंजके आणि जानेवारीतल्या नितळ, शेवाळ असलेल्या पाण्यातले पुंजके एकसारखे वागत नाहीत. पुंजके जोराच्या प्रवाहात फुटतात आणि पुन्हा जुळतात, हे गणितात पकडणे अजूनही कठीण आहे. थंड-ऊबदार थरांमध्ये खळबळ कशी दबते, हेही नेहमीच्या सूत्रांना नीट जमत नाही. त्यामुळे केंद्रावर जाऊन मोजमाप न करता तयार केलेला अहवाल स्वीकारू नये. आधी टाकीत मागोवा चाचणी घ्यावी, तिचा आलेख आणि प्रतिरूपाचा आलेख जुळतो का ते पाहावे आणि मगच पुढच्या सूचनांवर विश्वास ठेवावा.

मागोवा चाचणी अवघड नाही. पिण्याच्या पाण्यात रंग नको असेल तर मोजके मीठ सोडून बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता ठरावीक वेळाने मोजता येते. मीठ बेताने वापरावे लागते, कारण ते जास्त झाले तर पाणी त्यानेच जड होते आणि चाचणी फसते. एक मीटर, एक वही आणि दोन पाळ्यांचे कर्मचारी एवढ्यावर टाकीची पहिली कुंडली हाती येते. अनेकदा या टप्प्यावरच दोष उघडा पडतो. काठावरची पन्हळ एका बाजूला खचलेली असते आणि निम्म्याहून जास्त पाणी तिकडूनच पडत असते, किंवा गाळ खरवडणारा फिरता हात बंद असल्याने तळाचा गाळ वर येत असतो. तुरटीची मात्राच चुकत असेल तर कोणतीही पडदी उपयोगी नाही, तिथे रोजची जार टेस्ट हवी. अशा दोषांसाठी संगणक लागत नाही, दुरुस्ती लागते. ती झाल्यावरही प्रश्न उरला तर प्रतिरूपाची पाळी येते.

मग हे होत का नाही? कारण योजनांचे अंदाजपत्रक काँक्रीट, लोखंड, जलवाहिन्या आणि पंप यांच्या दरांवर उभे राहते. पाण्याची चाल तपासण्यासाठी त्यात ओळ क्वचितच असते. नव्या टाकीचे भूमिपूजन होते, जुन्या टाकीत बसवलेल्या पडदीचे होत नाही. सल्लागाराचे शुल्क प्रकल्पाच्या किमतीशी बांधलेले असेल, तर कमी खर्चाचा उपाय शोधण्यात त्यालाही रस उरत नाही. ‘अमृत’ आणि जलजीवन मिशनमधून पाणीपुरवठ्यावर मोठा सार्वजनिक पैसा खर्च होत असताना ही उणीव अधिक बोचते. लहान नगर परिषदेकडे असे गणित करणारा माणूस नसतो हे खरे आहे. पण तिच्या जवळपास अभियांत्रिकी महाविद्यालय असू शकते, तिथे प्रवाहाचे गणित शिकणारे विद्यार्थी असतात आणि त्यांना प्रकल्पासाठी खरा विषय हवा असतो. राज्यात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे, नागपुरात ‘नीरी’ आहे. १९७०च्या दशकात रामटेक, वरणगाव येथे महाराष्ट्रातल्या अभियंत्यांनी खडीचे थर आणि नारळाच्या करवंटीचा चुरा वापरून साधी, स्वस्त जलशुद्धीकरण केंद्रे उभी केली आणि देशाबाहेरही त्यांची दखल घेतली गेली. डोके लढवून खर्च वाचवण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती जागी करण्याची गरज आहे.

त्यासाठी राज्य सरकारने एक साधा नियम करावा. जलशुद्धीकरण केंद्राच्या विस्ताराला तांत्रिक मंजुरी देण्यापूर्वी जुन्या टाक्यांची मागोवा चाचणी, आणि मोठ्या केंद्रांत तिच्याशी ताडून पाहिलेले प्रतिरूप सादर करणे बंधनकारक असावे. नव्या टाकीच्या कंत्राटातही हीच चाचणी पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यावर घेतल्यानंतरच अखेरचे देयक द्यावे. उन्हाळ्यातल्या स्वच्छ पाण्यावर उत्तीर्ण झालेली टाकी जुलैत नापास होऊ शकते. आणि प्रत्येक केंद्राने फिल्टरनंतरचाच नव्हे, तर निवळण टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणाही रोज जाहीर करावा. फिल्टर सगळे झाकून नेतो, आधीचा आकडा मात्र टाकीची खरी प्रकृती सांगतो. तो चढू लागला की धोका नळापर्यंत पोहोचण्याआधी काही दिवस हाताशी मिळू शकतात.

काही शहरांत या सगळ्या तपासणीअंती नवी टाकीच बांधावी लागेल, असे उत्तर येईल. तेही मोलाचे आहे, कारण ती टाकी कशी नसावी हे तोवर कळलेले असेल. इतर शहरांत काही लाखांच्या पडद्या आणि पट्ट्यांनी भागेल, आणि वाचलेला पैसा गळक्या जलवाहिन्या बदलायला किंवा पाणी तपासणारी प्रयोगशाळा चालवायला वापरता येईल. कोणते शहर कोणत्या गटात मोडते, हे चाचणी घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. ती न घेता काढलेली निविदा म्हणजे रोग न तपासता ठरवलेली शस्त्रक्रिया आहे, आणि तिचे बिल करदात्याला भरावे लागते.